गुरुवारची चूल

आमच्या भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी. विजेचा भार एकाच वारावर पडू नये म्हणून कधीकाळी ही वाटणी झाली आणि तीच अंगवळणी पडली. पोरांची शाळा रविवारी बंद, बायकोचं ऑफिस रविवारी बंद आणि माझं मशीन गुरुवारी. चौघंही दिवसभर घरात आहोत असा वारच आमच्या आठवड्यात नाही.

मग गुरुवारी करायचं काय? बरीच वर्षं मी झोपलो. एका गुरुवारी दुपारी एकला जाग आली तर आठवीतली पोरगी शाळेतून येऊन ओट्याशी उभी होती आणि रात्रीची पोळी चहात बुडवून खात होती. तक्रार नाही, काही नाही. बाप आत घोरतोय आणि आपण आपलं खातोय, इतकी तिला त्याची सवय झालेली. पुढच्या गुरुवारी मी नऊला कुकर लावला.

शिकवायला माणूस नव्हतं. आईला फोन केला की ती सांगायची, 'मीठ अंदाजानं घाल, पाणी अंदाजानं.' मी सीएनसीवर काम करणारा माणूस. दिवसभर मायक्रोमीटरनं मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. अंदाजानं केलेला जॉब आमच्याकडे थेट भंगारात जातो. शेवटी बायकोनं माहेरून आणलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं 'रुचिरा' काढलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970चं. त्यांनी वाटी आणि चमचा हीच मापं धरली, हे माझ्यासारख्यावर उपकारच. ड्रॉइंग वाचावं तसं मी ते वाचायचो. माझी पहिली आमटी तोलून-मापून झाली होती आणि तिला कसलीच चव नव्हती. पण कुठे चुकलं ते सांगता येत होतं, हेही काही कमी नाही.

गुरुवारची एक अडचण म्हणजे आमच्याकडे तो दत्ताचा वार. म्हणजे पुरुषमंडळी ज्यावर हमखास हात चालवतात ते मटण-चिकन बाद. ते रविवारचं, म्हणजे बायकोच्या सुट्टीचं आणि तिच्याच हातचं. माझ्या वाट्याला भरली वांगी, डाळ-मेथी, हुलग्याचं माडगं. मार्गशीर्षात तर कांदा-लसूणही नाही. एका अर्थानं बरंच झालं. भरपूर मसाल्यात चूक झाकता येते, साध्या वरणात कुठे झाकणार?

कौतुक मात्र अफाट झालं. शेजारच्या वहिनी बायकोला म्हणाल्या, 'नशीब काढलंस गं!' सासूबाईंनी नातेवाइकांत बातमी पसरवली. कंपनीत डबा उघडला की, 'आज गुरुवारचं उरलेलं का?' असं लोक आदरानं विचारू लागले. मला हे सगळं आवडत होतं, खोटं कशाला बोलू? बायको उरलेले सहा दिवस पहाटे पाचला उठून डबे भरते, त्याबद्दल नशीब काढल्याचं मला कुणी कधी म्हटलेलं नाही. केंद्र सरकारनं 2019 साली लोकांच्या दिवसाच्या वेळेचा हिशोब घेतला होता. घरातलं बिनपगारी काम दिवसभरात थोडं तरी करणारे पुरुष निघाले शंभरात 26 आणि बायका 81. करणाऱ्यांतही पुरुषांची सरासरी 97 मिनिटं, बायकांची 299. हे आकडे जेवताना मी जरा ऐटीतच वाचून दाखवले, कारण आपण त्या सव्वीसात. बायको ताटावरून नजर न उचलता म्हणाली, 'तुमचा गुरुवार मी शुक्रवारी घासते.' खरंच होतं. एका आमटीला मी तीन पातेली काढायचो आणि करपलेली कढई 'भिजू दे' म्हणून सिंकमध्ये सोडून झोपायचो.

माझ्या वडिलांनी चूल कधी पेटवलीच नाही. गाव आमचं पाली, राजगडाच्या पायथ्याचं. तेव्हा तालुका वेल्हे, आता त्याचंच नाव राजगड. भात निघालं की हाताला काम नाही, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला. वडील लालबागला गिरणीत होते, गाववाल्यांच्या खोलीत राहायचे आणि खानावळीत जेवायचे. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या या गड्यांना गिरणगावातल्या बायकांनीच जेवू घातलं, तेही उधारीवर, पगार झाला की पैसे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खानावळवाल्या बायकांसाठीच. वडील रविवारचं मोठ्या अपूर्वाईनं सांगायचे. तो रविवारही फुकट मिळालेला नव्हता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी तो मागून मागून 10 जून 1890 पासून पदरात पाडून घेतला. त्यांच्या मागण्यांत दुपारी अर्धा तास सुट्टीची मागणीही होती. चार घास बसून खाता यावेत एवढ्यासाठी माणसांना सभा घ्याव्या लागल्या. लंच ब्रेकला मी मोबाइलवर बोट फिरवत डबा संपवतो तेव्हा हे कधीकधी आठवतं.

शिमग्याला आणि गणपतीला वडील गावी यायचे. त्यांची ती सुट्टी. आईचं मात्र त्या चार दिवसांत काम दुप्पट. कोंबडं, तांदळाच्या भाकरी, वडे, येणारीजाणारी माणसं. गिरणीच्या भोंग्यावर सुट्टी ठरायची ती फक्त भोंगा ऐकणाऱ्याची. 1982च्या संपानंतर वडील कायमचे गावी आले. नंतरही चहासुद्धा त्यांनी हातानं केला नाही. खानावळीत बारा वर्षं जेवलेला माणूस, ताट समोर येतं एवढंच त्याला ठाऊक.

आता आई एकटी असते आणि तिच्या आयुष्यात रविवार आलाय, पण उलटा. पाली दरवाज्याची वाट गडाचा जुना राजमार्ग. पायऱ्या रुंद, चढ सोसवणारा. त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे ट्रेकर या बाजूनं बरेच. काही बायका ताकाचे कॅन डोक्यावर घेऊन गडावर चढतात. आईचे गुडघे गेलेत, म्हणून ती घरीच पिठलं-भाकरी करून देते. पहाटे अंधारातच बॅटऱ्या दिसायला लागतात आणि, 'मावशी, वीस जणांचं होईल का?' अशी हाक येते. 2025च्या जुलैत राजगड युनेस्कोच्या यादीत गेला. मी हौसेनं फोन करून सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं, 'मग पराती वाढवू का?'

म्हणजे माझा गुरुवार आणि तिचा गुरुवार एकच. गडावर माणूस नाही, चूल निवांत. मागच्या मार्गशीर्षात नवा तांदूळ आणायला गेलो. नसरापूर, मार्गासनी, वाजेघर करत एसटीनं पोचेपर्यंत दहा वाजले. म्हटलं, 'आई, आज तू बस. मी करतो.'

ती हसली. मग म्हणाली, 'पिठलं सोडून काय बी कर.'

मसालेभात करायचं ठरवलं. परसातली तोंडली, वांगी, कांदा-लसूण नको. आईनं साखरेच्या गोळ्या चालू झाल्यापासून उपास सोडलेत, त्यामुळे जेवायचं दुपारीच. ती बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली, म्हणजे बसल्यासारखं केलं. लाकूड जास्त सारलं की तिथूनच खोकायची. जाळ मोठा झाला की, 'पातेलं हाय, विमान न्हाई,' असं बाहेरूनच. दोनदा उठून आली. दोनदा मी परत पाठवली. तिसऱ्यांदा ती उंबऱ्यातच बसली, आत नाही आणि बाहेर नाही.

भात इंद्रायणीचा. आंबेमोहर 157 आणि आयआर-8 यांचा संकर, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. आमच्या भागात आंबेमोहर उंच वाढून आडवा पडायचा, हा उभा राहतो आणि वास बराचसा तोच, म्हणून शेतकऱ्यांनी तो पटकन उचलला. हे सगळं मला माहीत. एका वाटीला दोन वाट्या पाणी हेही पाठ. घातलं. आधण आलं, वाफ आली, वास तर असा आला की आई उंबऱ्यावर मान वळवून बघायला लागली. झाकण काढलं तर भाताचा गोळा. डाव उभा राहत होता.

आईनं एक शीत बोटांत चुरडलं. 'तुझ्या पुण्याच्या डब्यातला तांदूळ वरसाचा जुना. ह्यो आता खळ्यावरनं आलाय, ह्याच्या अंगातच पानी हाय. जुन्याचं पानी नव्याला घातलंस.'

पुस्तकात वाटीचं माप आहे. तांदळाच्या वयाचं माप मी कुठे शोधणार? अंदाजानं म्हणजे काय ते त्या क्षणी थोडंसं कळलं. आईचा अंदाज बघून, चुरडून, वास घेऊन काढलेलं माप असतं. तिला ते वाटीत मोजून सांगता येत नाही, एवढंच.

आईनं गोळा ताटात घेतला, वर तूप सोडलं आणि जेवली. दुसऱ्यांदाही घेतला. चांगला झालाय असं म्हणाली नाही. दुसऱ्याच्या हातचं, बसून, गरम, एवढ्यावर तिचं लक्ष होतं असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

ताटावरून उठून मी हात धुतला, ओट्यावर आडवा होणार इतक्यात आतून आवाज आला, 'आन् भांडी?'

पातेल्याच्या बुडाला बाहेरून राख फासायची असते, म्हणजे काजळी सुटून येते. मी फासली नव्हती. परसातल्या दगडावर बसून राखेनं आणि काथ्यानं घासायला घेतलं. समोर गड, वर कुणी नाही. घासलं की काळं पाणी निघायचं आणि पातेलं होतं तसंच. आई उंबरा सोडून ओट्यावर आली, भिंतीला पाठ लावून तिनं पाय पसरले. परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते.

'जाऊ दे ती,' आई डोळे मिटूनच म्हणाली, 'आतून झालं, आता भाईरून घास.'