सर्व्हर बदलला, पण दुसरा चालतो का?

गेल्या महिन्यात आपल्याकडच्या एका कार्यालयाच्या दारावर कागद चिकटवला होता. 'प्रणाली अद्ययावतीकरणामुळे दोन दिवस कामकाज बंद.' दोनाचे सहा झाले. खेड्यांतून एसटीने आलेली माणसं दाखल्याविना परत गेली. अर्जाची शेवटची तारीख मात्र कुणासाठी थांबली नाही. 'सर्व्हर डाऊन' म्हटलं की आपण पाऊस पडल्यासारखं मान्य करतो. करू नका मित्रांनो.

महत्त्वाच्या कामाला एकच सर्व्हर ठेवायचा नसतो. दोन-तीन जोडून ठेवतात, त्याला क्लस्टर म्हणतात. ते सतत एकमेकांची नाडी बघतात. एक पडला की दुसरा काम उचलतो. त्याआधी पडलेल्याची वीजच तोडतात, नाहीतर दोघंही एकाच नोंदवहीत लिहायला लागतात आणि डेटाचा विचका होतो. कुणी कधी काय करायचं, हे सगळं कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेलं असतं.

मेख इथेच आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की हे लिखाणही बदलावं लागतं. पेसमेकर हे या कामाचं सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. 2018 मध्ये त्याची 2.0 आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीचं बरंच लिखाण चालेनासं झालं. रेड हॅट लिनक्स 7 वरचा क्लस्टर एकेक सर्व्हर बदलत 8 वर नेता येत नाही. नवा क्लस्टर उभा करून काम तिकडे हलवा, असं कंपनीच सांगते. खर्च वाढतो. पण 7 ची नियमित देखभाल 30 जून 2024 ला संपली, म्हणजे तिथेच बसून राहणंही धोक्याचं. अपग्रेड नको असं माझं म्हणणं नाहीच.

म्हणणं चाचणीबद्दल आहे. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये सगळी खाती नव्या प्रणालीवर नेली. डेटा सेंटर दोन, पण भार पेलण्याची चाचणी एकाचीच! सुमारे 19 लाख ग्राहकांना खातं उघडता येईना. 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड झाला आणि पुढच्या वर्षी तिच्या माजी आयटी प्रमुखालाही स्वतंत्र दंड बसला. आपल्याकडे कागद चिकटवणाऱ्याचं नाव तरी कळतं का?

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. बदलानंतर पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहिला का? दुसऱ्याने किती वेळात काम उचललं? त्या अहवालावर सही कुणाची? उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. आलं की इथेच टाकतो.