पंधरा हजारांचा कागद

गोष्ट घरातली आहे आणि तिच्यात पहिली चूक आमचीच आहे. म्हणून निकाल लागल्यावरही लिहायचे टाळत होतो. पण मध्यंतरी वस्तीतल्या एका सायकलवाल्या हमालाला मोटारीने उडवले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोपुढे कोणीतरी तसाच कागद धरला. तेव्हा आमच्या घरच्या म्हणाल्या, "आता तरी लिहा. लाज वाटत असेल तर लाजेसकट लिहा."

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या आक्काचे मालक, गवंडीकाम करतात. खरे तर करत होते. सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला नवी घरे उठत होती, तिथे गिलाव्याचे काम असे. रोज सकाळी कॅरिअरला थापी, ओळंबा आणि डबा बांधून सायकलने जायचे, दिवेलागणीला परत. नोव्हेंबर २०२२ मधल्या एका संध्याकाळी परत येताना पाठीमागून आलेल्या मोटारीची धडक बसली. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली आणि गुडघाही गेला. सायकलचे मागचे चाक पापडासारखे दुमडले होते.

गाडी चालवणारा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. तो पळाला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. लोकांच्या मदतीने त्याने दाजींना आपल्याच गाडीत घातले, खासगी दवाखान्यात नेले, वडिलांना बोलावले. वडिलांनी दहा हजार रुपये भरले. आम्ही पोचलो तेव्हा ते बाकावर बसून होते. आम्हाला बघून उठून उभे राहिले आणि हात जोडले. आम्ही कारकून माणूस. आमच्यापुढे हात जोडून उभे राहणारे मोटारवाले आम्ही त्याआधी पाहिलेले नव्हते. त्या हातांनीच आमचे डोके फिरवले, असे आता वाटते.

चौथ्या दिवशी ते आमच्या कचेरीत आले. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच मार्ग काढा. पोराचे नोकरीचे चालले आहे, पोलीस केस झाली तर आयुष्य वाया जाईल." सोबत शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर टाइप केलेला समजुतीचा कागद होता. सायकलस्वार अचानक रस्त्याच्या मध्ये आल्याने अपघात झाला. रोख रुपये पंधरा हजार मिळाले. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. यापुढे कोणताही दावा करणार नाही.

वाचकहो, आम्ही काय केले असेल? त्या कागदातले शुद्धलेखन सुधारून दिले. दोन ठिकाणी ऱ्हस्वाचे दीर्घ केले आणि संध्याकाळी तो कागद घेऊन आक्काकडे गेलो. मनात हिशेब असा, की माणूस भला आहे, दवाखान्यात नेले, पैसे भरले. कोर्टकचेरीत आपले कोण आहे? हातात येतील ते घ्यावेत.

आक्का चौथी शिकलेली. म्हणाली, "वाचून दाखव." वाचून दाखवले.

"अचानक मध्ये आले, हे कुणी बघितलं?"

आम्ही गप्प.

"पाठीमागनं धडकलेल्या गाडीला हे मध्ये कसे येतील? आन् पंधरा हजार कशाचे? सायकलचे का पायाचे?" मग थोडे थांबून म्हणाली, "भाऊ, तू गाडीवाल्याचा कारकून हायस का आमचा?"

दाजी खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे गं, तो आपलं बरंच बघतोय." ते ऐकून आम्हाला जास्तच मेल्यासारखे झाले. कागद घडी करून खिशात घातला तो आजही आमच्या कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे सुरुवातीला "मिटवून घ्या की, कशाला वाढवता" हेच ऐकायला मिळाले. तीन फेऱ्या झाल्या. अपघातानंतर नवव्या दिवशी गुन्हा नोंदला गेला, घटनास्थळाचा पंचनामा झाला. नऊ दिवसांचा उशीर पुढे विमा कंपनीच्या वकिलाने उगाळलाच. पण आमच्या वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ सालचा रवी विरुद्ध बद्रिनारायण हा निकाल पुढे ठेवला. जखमी माणसाचे घर आधी दवाखान्याकडे धावते, पोलीस ठाण्याकडे नाही. केवळ फिर्याद उशिरा दिली म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असा त्याचा मथितार्थ.

वकीलबाई कशा मिळाल्या तेही सांगतो. प्रथम ज्या वकिलाकडे गेलो त्यांनी मिळेल त्या रकमेतले तीस टक्के मागितले. निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवणे हे वकिलांच्या स्वतःच्या बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे आम्हाला नंतर कळले. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातीच्या यादीत धरले जातात. दाजींचे प्रमाणपत्र ट्रंकेत होतेच. जे प्रमाणपत्र आपण फक्त शाळेच्या फीसाठी आणि नोकरीच्या अर्जासाठी काढतो, ते इथेही चालते हे चळवळीत वीस वर्षे घालवूनही आम्हाला माहीत नव्हते.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत आमच्या डोक्यातला उपकार काढून टाकला. म्हणाल्या, जखमीला दवाखान्यात पोचवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते केले, चांगले केले. पण कर्तव्य केले म्हणून पायाची जबाबदारी फिटत नाही.

आणि दुसरी गोष्ट. प्रत्येक मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा काढावाच लागतो, कलम १४६. मालक पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि रस्त्यावरचा सायकलवाला, पायी चालणारा, हातगाडीवाला हा तिसरा पक्ष. सायकलवाल्याला लायसन लागत नाही, विमा लागत नाही, आणि म्हणून आपण रस्त्यावर फुकटचे आहोत असे त्याला वाटत राहते. प्रत्यक्षात त्याच्यासाठीच मोटारवाला दरवर्षी हप्ता भरत असतो. पुढे दावा चालू असताना गाडीमालक एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात आम्हाला म्हणाले, "आम्हाला वाटले, घर विकावे लागणार." म्हणजे कागद घेऊन आलेला आणि कागद सुधारून देणारा, दोघेही सारखेच अडाणी. फरक एवढाच की त्या अडाणीपणाची किंमत दाजींना मोजावी लागणार होती.

मार्च २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली अर्ज केला; चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांविरुद्ध. १ एप्रिल २०२२ पासून असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा, असे कायद्यात लिहिले गेले आहे. आम्ही कागद सुधारत आणि उपकार मानत आणखी काही महिने बसलो असतो, तर तेही अडचणीचे झाले असते. कोणाची मुदत उलटली असली तरी मनाने दावा सोडून देऊ नये, विधी सेवेत जाऊन विचारावे. कलम १६४ चाही एक रस्ता आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. मात्र त्या रस्त्याने पैसे स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो, म्हणून सही करण्याआधी वकिलाला विचारलेच पाहिजे.

फौजदारी खटला वेगळा आणि हा दावा वेगळा. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, इथे घटना अशी घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढे दाखवले तरी पुरते. पंचनाम्यात सायकलचे मागचे चाक मोडल्याची नोंद होती. 'अचानक मध्ये आला' या वाक्याला त्या चाकाने उत्तर दिले.

तरीही एक गोष्ट आमच्या विरुद्ध गेली. सायकलला मागे रिफ्लेक्टर नव्हता, दिवा नव्हता, आणि वेळ अंधार पडण्याची. त्यापोटी दहा टक्के दोष दाजींच्या माथी आला. दाजींना तो फार लागला. आम्हाला विचाराल तर तेवढा खराच होता.

मिळकतीचा प्रश्न निघाला. दाजी दिवसाला सहाशे रुपये कमवत, पण गवंड्याला पगारपत्रक कोण देतो? ठेकेदाराने साक्षीला यायचे टाळले. न्यायाधिकरणाने महिना बारा हजार धरले. वयाचे तर वेगळेच. आधार कार्डावर शेहेचाळीस, शाळेच्या दाखल्यावर चव्वेचाळीस. आधार काढताना कोणी अंदाजाने साल सांगितले असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता असा, की एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला गुणक चौदा आणि शेहेचाळीसपासून पन्नासपर्यंत तेरा. एका आकड्यात आमच्या दाव्याचे बहात्तर हजार रुपये लटकले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, दावा चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने सरोज यांच्या खटल्यात सांगितले की वय ठरवायला आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य. दाजी सहावीत शाळा सोडून कामाला लागले होते. त्या सोडलेल्या शाळेचा दाखला असा कामी आला.

सगळ्यात मोठा वाद पायाचा. सरकारी मंडळाने दाखला दिला, कायमचे अपंगत्व वीस टक्के. विमा कंपनीचे वकील म्हणाले, वीस टक्के अपंग म्हणजे वीस टक्के कमाई गेली. ऐकायला सरळ वाटते. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा सरळपणाच मोडला आहे. शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या. माणूस कोणते काम करत होता ते बघा. तिथे दिलेले उदाहरण वाचताना आम्ही थबकलो. डावा हात गेलेला माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची जवळजवळ सगळी कमाई गेली. तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. कारकून! म्हणजे दाजींच्या जागी आम्ही असतो, तर एक तारखेला आमचा पगार झाला असता.

दाजींचा गुडघा पुरता वाकत नाही. उकिडवे बसता येत नाही, परांचीवर चढता येत नाही. उकिडवे न बसता फरशी कशी बसवणार आणि परांचीशिवाय गिलावा कसा करणार? डॉक्टरांनी कोर्टात येऊन हेच सांगितले, आणि ते यावेत म्हणून आम्ही चार रजा घातल्या. न्यायाधिकरणाने कमाईचे नुकसान चाळीस टक्के धरले.

वाणिज्य शाखेच्या माणसाला आकडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. महिना बारा हजार म्हणजे वर्षाला १,४४,०००. पुढे मजुरी वाढली असती म्हणून या वयाला पंचवीस टक्के मिळवतात, झाले १,८०,०००. गुणिले चौदा, २५,२०,०००. त्याचे चाळीस टक्के १०,०८,०००. सहा महिने काम बुडाले त्याचे ७२,०००. औषधोपचाराचे ६४,०००, कारण तेवढ्याच पावत्या होत्या. हाड बसवणाऱ्या वैदूला दिलेले पैसे गेले ते गेलेच. वेदना, सोबतीचा माणूस, खुराक, रिक्षाभाडे याचे एक लाख. एकूण १२,४४,०००. त्यातून दहा टक्के दोषाचे वजा, राहिले ११,१९,६००, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. पावत्या आक्काने पिठाच्या डब्यात ठेवल्या होत्या. आम्ही फक्त तारखेप्रमाणे लावल्या.

निकाल २०२५ च्या पावसाळ्यात लागला. रक्कम बँकेत आली, त्यातली सहा लाख ठेवीत ठेवायचा आदेश आहे. आक्का त्या दिवशी कामावरून आली, पासबुकातला आकडा आमच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि स्वयंपाकाला लागली. पंधरा हजारांच्या कागदाचा विषय तिने तेव्हाही काढला नाही, नंतरही नाही. काढला असता तर बरे झाले असते.

दाजी आता वस्तीच्या तोंडाशी सिमेंट-रंगाच्या दुकानात मोजमापाचे काम करतात. भाची अकरावीला सायकलने जाते. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर दाजींनी स्वतः बसवला आहे आणि ती निघताना तो पुसून देतात.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची आणखी एक योजना आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला यादीतल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. आमच्या वेळी ती नव्हती. त्या हमालाच्या बायकोला आम्ही ती सांगितली, आणि तिच्यापुढचा कागद अजून कोराच आहे.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसलेले असतो. ज्यांच्या घरी असे काही घडले असेल त्यांनी फिर्यादीची प्रत, पंचनामा, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, जखमीचा शाळेचा दाखला आणि गाडीचा नंबर घेऊन यावे. नंबरावरून विमा कंपनी शोधता येते. कोणी सही मागितलेला कागद असेल तर तोही आणावा, सही न करता.