झाकणाची बादली

माझं माहेर सांगलीचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. आई नि वहिनी एका शाळेतल्या छावणीत होत्या. रस्ता खुला होताच मी साताऱ्याहून भाकऱ्या, चटणी, जुनी लुगडी घेऊन पोचले.

वहिनीनं हळूच विचारलं, "वन्सं, झाकणाची बादली आणलीत का हो?"

मला कळेना. मग उलगडा झाला. प्यायच्या पाण्याचा टँकर येत होता, तरी ती दिवसभर दोन घोटांवर राहत होती! एवढ्या माणसांत संडास दोनच, तेही मैदानापलीकडे, अंधारात. रात्री जावं लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नव्हत्या. आईला लघवीला जळजळ सुरू झालेली. मुलींच्या महिन्याच्या अडचणीबद्दल तर कोण बोलणार?

बादली मी बाजारातून आणली. वर्गाच्या कोपऱ्यात लुगड्यांचा आडोसा केला. त्या रात्री आई तांब्याभर पाणी प्याली.

मैत्रिणींनो, आपत्तीतल्या मदतीचे जगभर मानले जाणारे निकष आहेत, हे मी नंतर वाचलं. माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, नि पुरुषांसाठी एक तर बायकांसाठी तीन. आम्ही मात्र भाकऱ्याच मोजत होतो!

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. भाकऱ्या शेजारणींनी भाजल्या. मी बादल्या, बॅटऱ्या, पॅड, साबण नि फिनेल बांधायला घेतलं.