चोवीस पट

१.
पवनीच्या बाजारात ओळखीच्या एका शेतकऱ्याने मोबाइल पुढे केला. रायफलवर बसवायची दुर्बीण, ६–२४×५०. "चोवीस पट जी! रात्री डुक्कर म्हशीएवढं दिसन."
बंदूक?
"ते पाहू मंग."

२.
यात एक साधा भागाकार आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ५० भागिले २४, म्हणजे २ मिलिमीटरला थोडं वर. मागच्या काचेतून डोळ्यात येणारा झोत एवढाच जाड. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे, क्षेत्रफळाच्या हिशेबाने, नुसत्या डोळ्याला डुक्कर जेवढं उजळ दिसतं, त्याच्या साधारण अकराव्या हिश्शाने दिसणार. म्हशीएवढं, पण काळ्या रात्री काळी म्हैस.

साठीच्या आसपास बाहुली ५ मिलिमीटरच्या पुढे सहसा उघडत नाही. पिकाच्या जागलीला जाणारे बहुतेक याच वयाचे. पोरं पुण्याला.

३.
तीच दुर्बीण ७ पटीवर आणली की झोत ७ मिलिमीटर. चोवीसचे पैसे मोजायचे आणि सातवर वापरायची.

४.
जर्मनीत चांदण्या रात्री मचाणावरून रानडुकरं मारतात. तिथली जुनी पसंती ८×५६: एकच पट, फिरवायला काही नाही. ५६ भागिले ८, सात.

५.
माहितीपत्रकात आणखी एक आकडा असतो, संधिप्रकाशाचा. पट गुणिले व्यास, त्याचं वर्गमूळ. ८×५६ चा येतो २१, २४×५० चा जवळजवळ ३५. दुकानदार हाच पुढे करतो. आकडा अगदीच खोटा नाही. थोडा उजेड शिल्लक असेल तर जास्त पटीने बारकावे कळतात, शिंग की फांदी ते ठरवता येतं. पण ८ मिलिमीटरच्या भिंगाची ५६ पटीची दुर्बीण केली तर तिचाही आकडा २१ च येईल. तिच्यातून रात्री काय दिसेल ते दुकानदाराला विचारावं.

६.
काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर पातळ थर चढवून ही गळती बरीच कमी केली. आज खरे पैसे या थराचे असतात. जाहिरातीत तो सर्वांत खाली, बारीक अक्षरात.

७.
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. शिकार बंद. पीक खाणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे अर्ज करायचा. अर्ज दिवसा. डुक्कर रात्री.

८.
हरणाचे, बिबट्याचे, वाघाचे डोळे बॅटरीच्या उजेडात चमकतात. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो. डुकराला तो नाही. माणसालाही नाही. शेताच्या धुऱ्यावर बॅटरी मारली आणि काहीच चमकलं नाही, तर तिथे कोणी नाही असं नव्हे. डुक्कर असेल किंवा शेजारी.

९.
धान लोंबीवर आलं की जागली सुरू. माळ्यावर घोंगडी, टिनाचा डबा, दांडकं. एका बाईला विचारलं, अंधारात डुक्कर दिसतं का?
"दिसाले कायले पाह्यजे? आयकू येते."

१०.
अर्ज, बंदूक, दुर्बीण, डबा यांपैकी काहीच नको असेल तर काही जण धुऱ्याला उघडी तार ओढून वीज सोडतात. तारेला डुकराची आणि वाघाची पारख नसते. २०१७ साली नागभीडकडे श्रीनिवास नावाचा तरुण वाघ असाच गेला. कॉलर आधी सापडली, वाघ नंतर, पुरलेला.

११.
श्रीनिवासचा बाप जय. नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडल्यात आला. नाव 'शोले'मधल्या अमिताभचं. अभयारण्याच्या गेटवर गाड्यांची रांग त्याच्यामुळे लागायची. एप्रिल २०१६ नंतर दिसला नाही. गळ्यात रेडिओ कॉलर होती.

१२.
जिम कॉर्बेटच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. १९२६ च्या मे महिन्यात गुलाबराईच्या आंब्यावर बसून त्याने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो रायफलला लावलेल्या टॉर्चच्या उजेडात. गोळी सुटली आणि त्याच क्षणी टॉर्च विझला. कोणत्या पटीवर नेम धरला होता हा प्रश्न त्याला कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

१३.
पॅरिस ऑलिंपिक, १ ऑगस्ट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. या प्रकारात दुर्बिणीतून नेम धरायला मनाई आहे. बारीक छिद्रातून बघायचं, एका पटीने.

१४.
पवनीची जगन्नाथ टेकडी. १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, खाली स्तूप निघाला. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प सापडलं: नागाचा फणा आहे, खाली आसन आहे, आसनावर कोणी नाही. त्या काळी बुद्ध मूर्तीत दाखवत नसत. बघणाऱ्यांना ते चालत होतं.

१५.
उजळणारा लाल ठिपका असलेल्या दुर्बिणी महाग. ठिपका किती प्रखर होतो ते सगळे बघतात. किती मंद होतो ते बघायला हवं. अंधारात प्रखर ठिपक्याने बाहुली आक्रसते आणि ५६ मिलिमीटरच्या भिंगाचे पैसे पाण्यात.

१६.
सफारीला जाणाऱ्यांसाठी, विचारलंत म्हणून: ८×४२. हातात धरायची. दहा पटीला जिप्सीच्या इंजिनाची थरथरसुद्धा दिसते.

१७.
बुद्धपौर्णिमेला मचाणावरून पाणवठ्यावरची जनावरं मोजतात. पौर्णिमा का? उजेड फुकट असतो म्हणून. उन्हाच्या साधारण ४ लाखावा भाग, पण पाण्यावर आलेला गवा ओळखायला पुरतो. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि सरावलेला डोळा समोर रोखण्यापेक्षा किंचित बाजूला बघितलं तर जास्त दिसतं. वनरक्षक हे सगळं नीट समजावून सांगतो. मग मचाणावरचा पाहुणा, चंद्र किती वाजता डोक्यावर येणार ते बघायला मोबाइल काढतो.