मुरड

शिकागोस येऊन मला आता बावीस वर्षे झाली, तरी येथील ऑक्टोबर महिन्याशी दर वर्षी नव्याने परिचय करून घ्यावा लागतो. आश्विन लागला की मुंबईतल्या आमच्या दिंडोशीत आरेच्या बाजूच्या टेकड्यांवरील गवत पिवळे पडू लागते, ऊन कडक होते, आणि दुपारच्या वेळी भाजल्या जाणाऱ्या बेसनाचा वास जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत चढत जातो. येथे त्याच दिवसांत मेपलची झाडे लाल होऊन पाहता पाहता निष्पर्ण होतात, सरोवरावरून येणारा वारा बोचू लागतो, आणि घरोघरच्या पायऱ्यांवर नारिंगी भोपळे मांडले जातात. दोन्हीकडे ऋतू शरद, दोन्हीकडे सुगी, आणि सुगीत घरात आलेला जिन्नस हाताने नटवून देवापुढे अथवा पाहुण्यापुढे ठेवण्याची हौसही दोन्हीकडे सारखीच.

आमचे बिऱ्हाड गिरगावातील चाळीतून दिंडोशीस आले ते नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीत. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन, सरकारदरबारी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून, बेताच्या उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांसाठी जी घरे उभी केली, त्यांपैकी एक आमचे. अर्ज, दाखले आणि हप्ते यांच्या दीर्घ दफ्तरातून सुटून माणसे एकदाची स्वतःच्या उंबऱ्याआड आली होती. त्यामुळेच की काय, तेथल्या पहिल्या काही दिवाळ्या फार मनापासून झाल्या. फराळाच्या पाळ्या लागत. आज तळमजल्यावरच्या काकूंकडे चकल्या, उद्या आमच्याकडे करंज्या. ज्या घरी तळण असे तेथे चार घरच्या बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन जमत, आणि आम्हा मुलांना टेकडीची माती आणून खाली किल्ला बांधण्याची मोकळीक मिळे.

त्या किल्ल्यावरून उठवून आईने मला करंज्यांना बसविले तेव्हा मी दहा वर्षांची असेन. रवा-मैद्यात कडकडीत तुपाचे मोहन घालून, दुधात घट्ट भिजवून, कुटून मऊ केलेल्या पिठाच्या लाट्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या असत; एकेक काढून तिची पारी लाटायची, सुक्या खोबऱ्याचे सारण बेताने भरायचे, कडेला दुधाचे बोट फिरवून ती मिटायची, येथपर्यंत कोणालाही जमते, आणि कातण फिरवून उरलेली कड कापली की करंजी झाली असे म्हणावयासही हरकत नाही. परंतु मुरड घालायची तर एका टोकाची कड अंगठ्याने किंचित चेपून पुढे ओढायची, तर्जनीवरून आत दुमडायची, दुमड जेथे संपली तेथूनच पुढची चिमूट धरायची, आणि असे करीत दुसऱ्या टोकाशी पोचेपर्यंत करंजीच्या काठाने दोरीच्या पिळासारखी एक वेणी उमटली पाहिजे. ती वेणी सुंदर दिसते खरी, पण ती तेथे आली आहे ती कामासाठी: तळणीत एक करंजी जरी उलली तरी तिचे सारण जळून सारे तूप काळवंडते, आणि मुरड नीट पडली असेल तर ती वेळ सहसा येत नाही.

आपल्या फराळातील बहुतेक शोभा अशीच कामातून निघालेली आहे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. अनारसा खसखशीवर थापला म्हणजे तो खाली चिकटत नाही, आणि तुपात सोडल्यावर न उलटता वरून तूप उडवीत तळला की तीच खसखस त्याची नक्षी होते. चकलीचा काटा, चिरोट्याचे पदर, हे सारे हाताच्या आणि सोऱ्याच्या व्यवहारातून आलेले. निव्वळ हौसेखातर म्हणाल तर चिरोट्याच्या मधल्या पदराला दिलेला गुलाबी रंग, किंवा लग्नाच्या रुखवतात साखरेची आणि फराळाची जी देवळे व बागा उभारतात त्या. त्यांचेही मला वावडे नाही. पण मन रमते ते मुरडीवर.

या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मुरडणे म्हणजे मागे वळणे. भाद्रपदात गौरींना निरोप देताना त्यांना मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य दाखवितात, तो त्यांनी मुरडून पुन्हा घरी यावे म्हणून. मी परदेशी निघाले ती ऐन मे महिन्यात, सणवार काही नसताना; तरी आईने कानवले केले होते, आणि विमानतळाकडे जाण्यापूर्वी त्यांतला एक माझ्या हातावर ठेवून ती काही न बोलता आत गेली.

येथे आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात, महिन्याच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, शेजारच्या वृद्ध बाईंनी मला आपल्या स्वयंपाकघरात बोलाविले. सफरचंदाच्या फोडी साखर-दालचिनीत घोळवून त्यांनी ॲपल पायच्या थाळीत भरल्या, वर दुसरी पोळी घातली, आणि एका हाताच्या दोन बोटांमध्ये दुसऱ्या हाताचे बोट दाबीत कडेने लाटांसारखी नक्षी उठवीत त्या थाळी फिरवू लागल्या. असे का करता म्हणून विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या की कड मिटली नाही तर रस बाहेर येऊन भट्टीत जळतो. मी त्यांच्या पिठाचा उरलेला तुकडा घेतला, लाटला, चार फोडी आत घालून मिटला आणि काठाला मुरड घातली. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला, आणि मग दुसरी थाळी माझ्यापुढे सरकवून तिची सबंध कड मला मुरडावयास लावली.

भोपळ्याशी माझे जमले ते पुष्कळ उशिरा. अमेरिकेतील इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक भोपळा या इलिनॉय राज्यात पिकतो. शिकागोच्या नैर्ऋत्येस अडीचेक तासांच्या वाटेवरील मॉर्टन हे गाव स्वतःस जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवून घेते, आणि तेथील कारखान्यातून डबाबंद गर देशभर जातो. हे ठाऊक असूनही पहिल्या वर्षी मी दारात कोरून ठेवण्याच्या जातीचा भोपळा किसून घारगे करावयास घेतले. त्याला इतके पाणी सुटले की कणीक दुप्पट घालावी लागली, आणि घारगे चिवट झाले. पुढे कळले की डब्यातला भोपळा वेगळा: फिकट बदामी सालीचा, घट्ट आणि गोड गराचा, डिकिन्सन नावाच्या वाणाचा, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी आपल्या बाजारात फोडींनी मिळणाऱ्या लाल भोपळ्याचाच सगोत्र. आता गूळ घालून तो गर आटवते, त्यात मावेल तेवढीच कणीक मळते, आणि कोरीव भोपळ्यातून निघालेल्या बिया धुऊन, वाळवून, सोलून, थापलेल्या घारग्यावर झेंडूच्या पाकळ्यांसारख्या गोल दाबते. तळल्यावर त्या बदामी होतात.

२०२४ साली आपल्या पंचांगातील नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली, आणि तोच येथील हॅलोवीनचा दिवस. पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर कारिटाऐवजी लहानशी काकडी पायाखाली फोडली. संध्याकाळी दारात एका बाजूस आकाशकंदील आणि दुसऱ्या बाजूस डोळे-तोंड कोरलेला, आत दिवा ठेवलेला भोपळा. सोंगे घेऊन आलेल्या मुलांना मात्र वेष्टनातली चॉकलेटेच दिली, कारण अनोळखी घरची हातची वस्तू मुलांनी खाऊ नये असा येथला शिरस्ता आहे आणि तो योग्यच आहे. घारगे गेले ते शेजारच्या बाईंकडे.

उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले ते याच शहरात, आणि मराठी माणसाला येथे दिवाळी साजरी करण्यास आज कशाची ददात नाही. डेव्हॉन ॲव्हेन्यूवर भाजणी मिळते, पांढरी खसखस मिळते, तयार फराळाचे डबे मिळतात, शिवाय मुंबईहून कुरियरने येतात ते निराळेच. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बायकांनी ते घेऊ नयेत असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु ज्या मुलांना शाळेत बिस्किटांवर रंगीत साखर पसरून भोपळे आणि वटवाघळे काढण्यात तास न् तास गोडी वाटते, त्यांच्या हाती घरी पारी कोणी देत नाही, आणि करंजी त्यांना ठाऊक होते ती डब्यात आयती येणारी वस्तू म्हणून, ही माझ्या मते मोठी हानी आहे. दिंडोशीतही आता निराळी स्थिती नाही, असे धाकटी बहीण कळविते.

तेव्हा शिकागोत असा वा दिंडोशीत, फराळ खुशाल विकत आणा, पण दहा पाऱ्यांपुरते पीठ घरी भिजवा आणि मुलांना पोळपाटाशी बसवा. त्यांची मुरड वाकडी पडली तर कातण फिरवून ती कापून टाकू नका.