पोलादाच्या आतले घर्षण

१/ अमरावतीहून अकोला-वाशिम मार्गे दक्षिणेस गेले की हिंगोली लागते. १८५३च्या तहाने वऱ्हाडाचा महसूल ज्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे गेला, तिची एक छावणी येथे होती. माझ्या अभ्यासात हिंगोली येत असे ती याच कारणाने.

२/ आता त्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होत आहे. २०२३ साली केंद्राने २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा! अशा मापनात दूरचा ट्रकही उपद्रवी ठरतो. म्हणून अमेरिकेतील लायगोत ४० किलोंचा आरसा चार टप्प्यांच्या लोलकाला टांगला आहे; वरच्या टप्प्यांत पोलादी पात्यांच्या स्प्रिंगा आहेत.

३/ परंतु स्प्रिंग घेतलेली सारी ऊर्जा परत देत नाही; थोडी उष्णता होऊन धातूतच मुरते. १७८४ साली फ्रान्समध्ये कूलाँने तारांना पीळ देऊन पाहिले. आंदोलने मंदावतात ती केवळ हवेमुळे नव्हे, तर तारेच्या अपूर्ण लवचिकतेमुळेही, हे त्याने ओळखले. १९२७ साली किंबॉल व लव्हेल यांनी दाखवले की अनेक घन पदार्थांत दर आवर्तनातील ही हानी आंदोलनाच्या वेगावर जवळजवळ अवलंबून नसते. आंदोलन कितीही संथ करा, हानी सुटत नाही.

४/ हानी झाली तर बिघडते काय? १९५१ साली कॅलन व वेल्टन यांनी सिद्ध केलेल्या नियमाचा आशय असा : ज्या वाटेने ऊर्जा निसटते, त्याच वाटेने उष्णतेची थरथर आत शिरते. हानी अधिक, तर गोंगाट अधिक. म्हणूनच सुरुवातीच्या लायगोत आरसे पोलादी तारांवर होते, ते पुढे सिलिका काचेच्या धाग्यांवर आले. पोलाद वरच्या टप्प्यांत राहिले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वलहर टिपली गेली.

५/ कूलाँच्या तारेपासून त्या दिवसापर्यंत २३१ वर्षे. तहांच्या तारखा आपण पाठ करतो. तारेतल्या घर्षणाची नोंद कोणी केली, हे क्वचितच विचारतो. औंढ्याची वेधशाळा मात्र आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. तिची कागदपत्रे, छायाचित्रे, परिसरातील माणसांच्या आठवणी आजच जपल्या नाहीत, तर उद्याच्या अभ्यासकाला केवळ मंजुरीची तारीख सापडेल. हे काम हिंगोली, वाशिम, अकोला, अमरावतीच्या आपल्या पिढीचे आहे.