आडनावानंतर येणारा प्रश्न

मीरा-भाईंदरमध्ये भाड्याने घर शोधायला गेलात तर एजंट बजेटच्याही आधी आडनाव विचारतो. 'पूरा नाम बताइए' एवढंच म्हणतो. कांबळे, वाघमारे म्हटलं की त्याचं काम झालं. गायकवाड म्हटलं तर जरा घोटाळतो, कारण गायकवाड मराठ्यांतही आहेत आणि बडोद्याच्या गादीवरही होते. मग पुढचा प्रश्न येतो, नॉनव्हेज खाता का? तेवढ्यानेही भागलं नाही तर, मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला? समाजशास्त्रात एम. ए. करताना शहरात जात कशी टिकते यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. एजंटाला ती चार प्रश्नांत सापडते.

मागच्या वेळी अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं तेव्हा एक वन बीएचके आम्हाला पसंत पडला होता. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. घर बघायला आलेली आई हॉलच्या भिंतीकडे बघून सहज म्हणाली, "इथं बाबासाहेबांचा फोटो छान दिसेल." दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, 'मालकाचा भाऊ गावाहून राहायला येतोय.' तो भाऊ काही आला नाही, कारण पुढे महिनाभर त्याच फ्लॅटची जाहिरात चालू होती. गंमत म्हणजे त्या बिल्डिंगच्या लॉबीत कारंज्याशेजारी बुद्धाचं भलंमोठं मस्तक ठेवलं आहे. शोपीस म्हणून बुद्ध चालतो, भाडेकरू म्हणून बौद्ध चालत नाही!

मित्रांनो, याच शहरात जून २०२५ च्या अखेरीस मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला, पोलिसांनी परवानगी नाकारून धरपकड केल्यावरही, मराठी माणूस मीरा रोडच्या रस्त्यावर उतरला. आपल्या वस्त्यांतली पोरंही त्यात होती. असायलाच हवीत, मराठी आपलीही भाषा आहे. पण 'मराठी माणसाला घर नाकारतात' ही घोषणा देणाऱ्यांना मला विचारायचं आहे की मराठी मालक मराठी बौद्धाला घर नाकारतो तेव्हा मोर्चा कुठून निघणार? मला नकार देणाऱ्यांत मराठी बोलणारे कमी नव्हते. भाषेच्या अस्मितेत आपण मोजणीपुरते मराठी आणि किल्ली देताना आणखी कोणीतरी, हा हिशेब मान्य करायचं कारण नाही.

१९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव लावून सराईत राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. हा प्रसंग आपण भाषणात सांगतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. त्याच माणसाने ३१ वर्षांनी काय केलं ते मात्र क्वचित सांगतो. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत आजच्या कलम १५ वर चर्चा चालू असताना 'दुकान' या शब्दात कोण कोण येतं, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा होता की मागेल त्याला सेवा द्यायला जो बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी कॉलेजातल्या प्रवेशाच्या खटल्यात याच उत्तराचा आधार घेतला. मग स्टेशनबाहेर बोर्ड लावून, कमिशन घेऊन घरं दाखवणाऱ्या एजंटचं ऑफिस दुकान नाही तर काय आहे? मालकाचं घर खासगी असेल, एजंटचा धंदा खासगी नाही. माझ्या मते लढाई इथून सुरू व्हायला हवी. सोसायट्यांच्या बाबतीत वाट अवघड आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयानेच दिली आहे, हे माहीत असलेलं बरं.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आणि सेवा नाकारणं त्यात येतं. अडचण पुराव्याची आहे. जात काढून नकार आता कोणी देत नाही, सगळ्यांचे भाऊ गावाहून येतात.

म्हणूनच व्यक्त होण्याचा प्रश्न मला इथे महत्त्वाचा वाटतो. आपली पोरं १४ एप्रिलला स्टेटसवर निळा रंग उधळतात आणि घर शोधायच्या महिन्यात डीपी बदलतात. त्यांना भित्रं म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशी माझं पटत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचं स्वतःचं घर आहे, त्यांना बोलणं सोपं आहे. ज्याला महिनाअखेर सामान उचलायचं आहे त्याने डीपी बदलावा, पण नकार मिळाल्यावर तो लिहून ठेवावा. आपण फॉरवर्ड पुष्कळ करतो, स्वतःवर गुदरलेलं दोन ओळीत लिहीत नाही.

आम्ही विहारात एक वही ठेवली आहे. तारीख, एरिया, एजंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि त्याच घराची जाहिरात नंतर दिसली का. रविवारी वंदनेनंतर एक वकील मित्र येऊन बसणार आहेत. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आहेत त्यांनी ते डिलीट न करता घेऊन यावेत, कॉल रेकॉर्डिंग असेल तर तेही.